झाड कुठे लावायचं हे नकाशावरून ठरवता येतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही सोलापूरला राहता, तुमच्या गल्लीत आणि शेजारच्या वस्तीत सावलीला उभं राहावं असं एक झाड नाही. पालिकेत विचारलं की शहरातल्या झाडांचा एकूण आकडा ऐकवतात. मग वृक्षगणनेचा डेटा वापरून 'आधी आमच्याकडे लावा' हे दाखवून देता येईल का, आणि लावलेली झाडं जगवायची कशी?

दाखवून नक्की देता येईल. जगवण्याचं उत्तर मात्र नकाशात अर्धंच सापडतं. मी पुण्यात जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती जोडून पाहण्याचं काम करते. त्याआधी गणनेच्या कामात टेप आणि मोबाईल घेऊन गल्लोगल्ली झाडं मोजत फिरले आहे. त्यामुळे नकाशावरचा ठिपका कसा तयार होतो आणि त्यात काय काय राहून जातं, हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

आधी डेटाचं बोलू. महाराष्ट्रात झाडं मोजणं हे पालिकेचं कायद्याने ठरलेलं काम आहे. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा जो राज्याचा कायदा आहे, त्यानुसार नागरी भागात वृक्ष प्राधिकरण, म्हणजे झाडांची जबाबदारी असलेली समिती असते आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. आता बऱ्याच ठिकाणी ती जीपीएसने होते, म्हणजे एका झाडाची एक ओळ: जागेचे अक्षांश-रेखांश, झाडाचं नाव, बुंध्याचा घेर, उंची, फांद्यांचा पसारा, प्रकृती कशी आहे, जागा कोणाच्या मालकीची. पुण्याच्या गणनेत अशा चाळीस लाखांहून जास्त ओळी आहेत आणि पालिकेने त्या लोकांसाठी खुल्या केल्या. तुमच्याकडे संकेतस्थळावर मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. फक्त अर्जात 'प्रत्येक झाडाची नोंद अक्षांश-रेखांशासह, एक्सेल किंवा शेपफाइल स्वरूपात' असं स्पष्ट लिहा. (शेपफाइल म्हणजे नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल.) नाहीतर प्रभागनिहाय बेरजेचा एक छापील कागद हातात येतो आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

कारण बेरीज हीच खरी अडचण आहे. तुम्हाला ऐकवला तो एकूण आकडा खोटा नसेल, पण त्याने तुमच्या डोक्यावर सावली पडत नाही. पुण्याच्या गणनेत सगळ्यात जास्त संख्येने सापडलेलं झाड गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया आहे. ते कुठे आहे? बहुतांश टेकड्यांवर, वनीकरणात लावलेलं. टेकडीला ते हवं की नको हा वेगळा वाद. पण टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या घरांची दाट वस्ती असेल आणि दोन्ही एकाच प्रभागात येत असतील, तर कागदावर तो प्रभाग हिरवागार दिसतो. वस्तीतल्या बाईला दुपारी नळावर उभं राहायला सावली नसते आणि तिच्या नावावर मात्र टेकडीवरची हजारो झाडं जमा असतात.

म्हणून पहिलं काम, प्रभागाची सरासरी बाजूला ठेवा. क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात शहरावर शंभर-शंभर मीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनात काय आहे ते पाहा. शंभर मीटर म्हणजे साधारण एक गल्ली. माणूस सावली शोधत जातो तो तेवढाच.

दुसरं, झाडं मोजू नका, पसारा मोजा. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते. सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच, निमुळता अशोक घ्या. त्याचा पसारा दोनेक मीटर व्यासाचा. जुन्या रस्त्यावरचा एखादा पर्जन्यवृक्ष, ज्याला आपण रेन ट्री म्हणतो, त्याचा पसारा वीस मीटर सहज भरतो. व्यास दहापट म्हणजे खालची सावली शंभरपट. गणनेत दोघांची एकेकच ओळ! रस्ता रुंदीकरणात एक रेन ट्री गेला आणि बदल्यात शंभर अशोक लावले तर यादीत नव्व्याण्णव झाडं वाढलेली दिसतील. सावली कशीबशी तेवढीच, आणि तीही रस्त्यावरून उचलून कुंपणाच्या आत नेलेली. गणनेच्या डेटात पसाऱ्याचा रकाना असतो. त्याचा वर्ग करून ३.१४ ने गुणा, चारने भागा, म्हणजे त्या झाडाखालची सावली ढोबळमानाने चौरस मीटरमध्ये मिळते. चौकोनातल्या सगळ्या झाडांची ती बेरीज करा. मालकीच्या रकान्यावरून खासगी आवारातली आणि रस्त्यावरची सावली वेगळी काढा. भिंतीपलीकडच्या आंब्याची सावली हातगाडीवाल्याला मिळत नाही.

उपग्रहाचा उपयोग होतो, पण जपून. सेंटिनेल उपग्रहाची चित्रं फुकट असतात आणि त्यातला एक ठिपका दहा मीटरचा असतो. चिंचोळ्या बोळातला पाच मीटर पसाऱ्याचा कडुनिंब त्यात पत्र्यांच्या रंगात विरघळून जातो. तिथे गणनेची ओळच खरी. शिवाय पावसाळ्यातलं चित्र घेतलंत तर मोकळ्या प्लॉटवरचं काँग्रेस गवतसुद्धा हिरवळ म्हणून मोजलं जातं. एप्रिल-मेचं चित्र घ्या. तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि कडुनिंब, करंज, पिंपळ नव्या पालवीत असतात, म्हणजे जे हिरवं दिसेल ते बहुतेक झाडच.

उष्णतेसाठी लँडसॅट या दुसऱ्या उपग्रहाची चित्रं वापरतात. त्यातला तापमानाचा मूळ ठिपका शंभर मीटरचा असतो, आपल्या चौकोनाएवढाच, त्यामुळे जुळवायला सोपं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते जमिनीचं आणि छपरांचं तापमान असतं, हवेचं नव्हे. आणि उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. दुपारी तीनला पत्र्याखाली काय होतं, किंवा रात्री अकराला भिंती कशा उष्णता ओकतात, हे त्याला दिसत नाही. म्हणून माझ्या नकाशात मी छपराचा प्रकारही धरते. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत छत कशाचं आहे आणि पाण्याचा नळ घरात आहे की बाहेर, हे वॉर्डनिहाय मिळतं. आकडे जुने आहेत, तरी पत्र्याची घरं कुठे दाट आहेत हे कळतं.

मग या सगळ्याची मोट बांधायची: रस्त्यावरची सावली कमी, तापमान जास्त, पत्र्याची घरं जास्त, लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त. असे चौकोन वर येतात. अमेरिकेत अमेरिकन फॉरेस्ट्स या संस्थेने २०२१ मध्ये देशभरासाठी असाच शून्य ते शंभर गुणांचा निर्देशांक काढला. त्यात झाडांचं छत्र, तापमान, उत्पन्न, बेरोजगारी, वय, आरोग्य हे सगळं एकत्र धरतात. तिथे या विषयाला एक जुनी जखम आहे. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी तिथल्या शहरांचे नकाशे काढले गेले आणि कृष्णवर्णीयांच्या व गरिबांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' ठरवल्या गेल्या. २०२० मध्ये १०८ शहरी भागांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लाल रंगवलेले भाग बाकीच्या भागांपेक्षा आजही सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापतात असं दिसलं. नव्वद वर्षांपूर्वी कोणीतरी ओढलेली रेघ आजच्या उन्हाळ्यात अंगाला भाजते आहे.

आपल्याकडे असा लाल नकाशा नव्हता. आपल्याकडे फरक पडला तो जागेने. पुण्यात प्रभात रोड, कोरेगाव पार्क इथे बंगल्यांचे प्लॉट पडले तेव्हा चारही बाजूंनी मोकळी जागा सोडावी लागली आणि रस्तेही रुंद ठेवले गेले. झाडाला वाढायला जमीन मिळाली ती तिथे. ज्या माणसांनी ते बंगले बांधले, आणि ज्या बायकांनी तिथली धुणीभांडी केली, त्या राहायला गेल्या ओढ्याकाठी, टेकडीच्या उतारावर, जिथे दोन घरांमध्ये हात पसरता येत नाही. झाड लावण्याची आवड दोन्हीकडे सारखीच आहे. वस्तीत जाऊन पाहा, तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत तुळस, कोरफड, कडिपत्ता लावलेला दिसेल. तिथे कमी आहे ती जमीन.

आता नकाशाची उणी बाजू, आणि ती मी स्वतः अनुभवलेली. पुण्यातल्याच एका वस्तीत आम्ही काही जणांनी मिळून असा नकाशा करून अठरा रोपं लावली. चौकोन बरोबर निवडला होता, तापमान बरोबर होतं, नाल्याच्या भिंतीलगत मोकळी पट्टी होती. पुढच्या मे महिन्यात पाच रोपं उरली होती. मेलेली रोपं मी नकाशावर टाकून बघत बसले, पण कारण सापडेना. शेवटी दुपारी दोन वाजता तिथे गेले. एक मावशी दारात बसून लसूण सोलत होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, तिकडं कोण जातंय पाणी घालायला? तिकडं कचरा टाकतात, पोरं दगड मारतात. लावायचं तर नळापाशी लावायचं होतं की. हंडा भरताना सांडतंय तेवढ्यावर जगलं असतं."

नळाची जागा माझ्या नकाशात होती. वरच्या एका थरात, निळ्या ठिपक्यांनी. सांडणारं पाणी त्यात नव्हतं.

मग त्यांच्याशी आणि शेजारणींशी तासभर बोलणं झालं. त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच डेटात मिळालं नसतं. पत्र्यावर फांदी येईल असं झाड नको, पाला पन्हळीत साठतो आणि पावसात पाणी घरात येतं. शेवगा नको, वाऱ्याने फांदी मोडते. गुलमोहर नको, मागे एकदा पडून एका घराचा पत्रा फाटला होता. करंज चालेल, कडुनिंब चालेल, बाया जिथे बसतात त्या ओट्यापाशी लावा. रात्री रिक्षा लागतात ती बाजू सोडा, रोप चाकाखाली जातं. पुढच्या जूनमध्ये सहाच झाडं लावली, जागा त्यांनी दाखवल्या त्याच. नळापाशी करंज लावला. पाणी कोण घालणार ते तिथल्या तिथे ठरलं, आणि मी नकाशात प्रत्येक झाडापुढे घराची खूण लिहिली. आता त्या करंजाची सावली ओट्याच्या अर्ध्यापर्यंत येते. पाण्याला नंबर लावताना हंडे उन्हात असतात आणि बाया सावलीत.

डेट्रॉइट शहरातला एक अभ्यास मला यासाठीच फार जवळचा वाटतो. २०११ ते २०१४ या काळात तिथे घरासमोर फुकट झाड लावून देत होते, आणि सुमारे चोवीस टक्के लोकांनी 'नको' म्हणून कळवलं. संशोधकांनी घरी जाऊन बोलल्यावर कळलं की लोकांना झाडं आवडत होती. पण आधीच्या अनुभवाने विश्वास उरला नव्हता, कुठलं झाड आणि कुठे हे त्यांना विचारलं नव्हतं, आणि पुढे पाला झाडणं, फांद्या छाटणं आपल्याच गळ्यात पडणार हे त्यांना माहीत होतं. 'इथल्या लोकांना झाडांची किंमत नाही' हे वाक्य मी पुण्यातल्या बैठकांतही ऐकलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय. नको म्हणणाऱ्याला आधी 'का' असं विचारलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी वृक्षारोपणाच्या उत्साहात नेहमी मागे पडते. कमी झाडांच्या भागात आधी आहे ते मोठं झाड वाचवा. अशा वस्तीच्या तोंडाशी बहुधा एखादा उंबर किंवा पिंपळ असतोच. त्याच्याखाली इस्त्रीची गाडी, दोन रिक्षा, भाजीची टोपली, देवाचा एक शेंदरी दगड आणि शाळा सुटल्यावर दहा पोरं. नकाशावर तो एक ठिपका. तो पडला तर तेवढी सावली परत यायला एक पिढी जाईल. त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आलेत का ते बघा. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. अर्ज करताना हा दाखला देता येतो. आपल्या कायद्यातही २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं जातं, आणि झाड तोडायची परवानगी दिली तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. ती कुठे लावणार, हे मात्र तुम्ही आवर्जून विचारा. गावाबाहेरच्या माळावर लावलेली झाडं यादीत येतील, तुमच्या गल्लीत येणार नाहीत.

देखभालीचा डेटा ठेवणं हेच खरं काम, असं माझं आता पक्कं मत झालंय. न्यूयॉर्कमध्ये २०१५ च्या गणनेत दोन हजारांवर स्वयंसेवकांनी मदत केली आणि रस्त्याकडेची ६ लाख ६६ हजार झाडं नोंदली गेली. पुढच्या वर्षी तो नकाशा लोकांसाठी खुला झाला. त्यात प्रत्येक झाडाचं स्वतंत्र पान आहे. शेजारी राहणारा माणूस त्यावर 'आज पाणी घातलं', 'आळ्यातला कचरा काढला' असं लिहू शकतो. आपल्याला एवढं मोठं काही लागत नाही. माझ्या वहीत झाडामागे पाच रकाने आहेत: शेवटचं पाणी कधी, आळं आहे का, जाळी कशी आहे, बुंध्याचा घेर, आणि मेलं असेल तर कशाने.

जाळीचा रकाना कशासाठी ते सांगते. एका रस्त्यावर आठ-दहा वर्षांची सप्तपर्णीची रांग आहे. लहानपणी बसवलेल्या लोखंडी जाळ्या कोणी काढल्याच नाहीत. एका झाडाचं खोड जाळीच्या कडीच्या वर आणि खाली फुगून आलं होतं आणि कडी सालीत बोटभर रुतली होती. बोट फिरवलं तर लोखंड आणि लाकूड वेगळं लागत नव्हतं. नोंदीत त्या झाडापुढे 'निरोगी' असंच होतं. ज्या वर्षी मोजलं त्या वर्षी ते असेलही. आम्ही कटर आणून उरलेल्या जाळ्या कापल्या. रुतलेला तुकडा तसाच ठेवावा लागला, ओढला असता तर साल निघाली असती.

आता तुमच्या सोलापूरचं. पाऊस कमी, ऊन कडक, त्यामुळे कडुनिंब, करंज, चिंच, आणि जागा असेल तिथे वड, पिंपळ. दिखाऊ विदेशी झाडांच्या मागे लागू नका. रोप पाच-सहा फुटांचं घ्या, वीतभर रोपटं रस्त्यावर टिकत नाही. पहिले तीन उन्हाळे तीन-चार दिवसांआड एक मोठी बादली पाणी लागेल. तेवढं पाणी देणारं घर सापडत नसेल तर त्या जागी या वर्षी लावू नका. ज्यांना स्वतःला टँकरची वाट बघावी लागते त्यांच्याकडून झाडासाठी पाणी मागणं अन्याय आहे. तिथे पाण्याची सोय पालिकेने करावी, हे अर्जातच लिहा.

आणि डेटा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. याच मे महिन्यात एका रविवारी दुपारी दोन वाजता तुमच्या गल्लीपासून शाळा, दवाखाना आणि बस थांब्यापर्यंत चालत जा, जमल्यास शेजारच्या एखाद्या आजींना बरोबर घेऊन. सावली संपते तिथे फोनमध्ये खूण करा, नळ कुठे आहेत ते लिहा, डोक्यावर विजेच्या तारा आहेत का ते बघा. असे पंधरा-वीस ठिपके झाले की एका कागदावर मांडून वृक्ष अधिकाऱ्यांकडे आवक-जावकचा शिक्का घेऊन द्या. हे जूनच्या आधी व्हायला हवं. खड्डे मेमध्ये खणले तर माती उन्हात भाजून निघते आणि पहिला चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी रोप लावता येतं.